शनिवारचा तास आणि जीपचा क्लच

रिव्हर्स पडेना, तेव्हा मास्तरांनी आधी जीपला समजावून पाहिलं.

ही त्यांची जुनी पद्धत होती. वर्गात एखादं पोर अडून बसलं की ते त्याच्या बाकावर जाऊन बसत आणि हळूच विचारत, "कुठे अडतंय?" पोर बहुधा सांगून टाकायचं. जीपनेही सांगितलं, पण इतक्या मोठ्या आवाजात, की पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मॅनेजरसाहेबांच्या कपातला चहा बशीत आला. कर्रर्र! कुणीतरी लोखंडाचे दात कराकरा खावेत तसा आवाज.

"अहो, ती नाही म्हणतेय," घरातून मास्तरीणबाईंचा आवाज आला.

"ती नाही म्हणत नाहीये. तिला समजलेलं नाही," मास्तर म्हणाले आणि पुन्हा दांडा मागे ओढला. जीपला पुन्हा समजलं नाही.

जीप जुनी होती. किती जुनी, ते मास्तर सांगत नसत. स्वतःचंही सांगत नसत. लोकांनी नव्या गाड्या घ्याव्यात अशा वयात त्यांनी ही घेतली, आणि ती एकाच कामासाठी. डोंगरावर एक छोटी शाळा होती. बस पायथ्यापर्यंत जायची आणि तिथून पुढे दगडधोंड्यांचा चढ. निवृत्त झाल्यापासून मास्तर दर शनिवारी तो चढ पायी चढत आणि पोरांना विज्ञान शिकवून उतरत. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. गुडघ्यांच्या जागी मास्तरांनी जीप नेमली. तिला दोन दांडे होते. लांब दांडा रोजच्या गिअरचा. शेजारचा आखूड दांडा अवघड चढासाठी; तो ओढला की जीप मुंगीच्या वेगाने पण हत्तीच्या ताकदीने चालायची. जीपमधलं मास्तरांना सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर तो आखूड दांडा.

घरात आल्यावर जीपचे लाड सुरू झाले. या घरात वस्तू वापरायची ती झाकून, असा नियम होता. फ्रिजच्या मुठीला कापडी झबलं, रिमोटला प्लास्टिकची पिशवी, सोफ्याला खोळ आणि चांगली खोळ खराब होऊ नये म्हणून तिच्यावर जुनी चादर. जीपच्या सीटांवरही खोळी चढल्या. स्टिअरिंगला मास्तरीणबाईंनी लोकरीचं आवरण विणलं. दुरून पाहिलं तर जीपला सर्दी झालीय असं वाटायचं.

आणि आता तिचा गिअर पडत नव्हता. पहिला गिअर कुरकुर करत पडायचा, रिव्हर्स तर अजिबात नाही. लागोपाठ दोन शनिवार बुडाले होते. त्यातच बुधवारी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला.

"सर, मुलं खिडकीत बसून रस्त्याकडे बघत राहतात. मला ते बघवत नाही. पण तासभर नुसतं बसवूनही ठेवता येत नाही ना?"

"नाही, बरोबर आहे."

"या शनिवारी तुम्ही आलात तर ठीक. नाहीतर तो तास मी कायमचा कवायतीला देते. रागावू नका हं."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि कवायतीचा विचार केला. सावधान, विश्राम, एक साथ पुढे. कवायतीशी त्यांचं वैर नव्हतं. पण या शनिवारी त्यांना पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते ते शिकवायचं होतं, आणि ते सावधानमध्ये उभं राहून कळत नाही.

"जीप शनिवारी जाणार," त्यांनी जाहीर केलं.

"कुठे? भंगारात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

आधी ते रीतीप्रमाणे मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने जीप पाहिलीच नाही. तो एका ट्रॅक्टरच्या पोटात होता. तिथूनच म्हणाला, "खाली उतरवावा लागेल."

"कुणाला?"

"गिअरबॉक्सला. पुढच्या महिन्यात आणा. आधी हा ट्रॅक्टर, मग रुग्णवाहिका. तुमची काय रुग्णवाहिका आहे का?"

"शाळा आहे," मास्तर म्हणाले.

"मग सुट्टी द्या," पोटातून उत्तर आलं.

मास्तर घरी आले ते चंग बांधूनच. आयुष्यभर पोरांना जे सांगितलं ते आता स्वतः करायचं: आधी नीट बघायचं, मग विचार करायचा, मग हात लावायचा. त्यांनी इंजिन बंद करून गिअर टाकून पाहिले. लोण्यात सुरी जावी तसे सगळे गिअर पडले, रिव्हर्ससुद्धा. इंजिन सुरू केलं, पुन्हा कर्रर्र.

"सापडलं!" ते ओरडले. "गिअरबॉक्स निर्दोष आहे. क्लच सुटत नाहीये!"

मास्तरीणबाई मटार सोलत होत्या. मास्तरांनी त्यांच्यासमोरून दोन स्टीलच्या ताटल्या उचलल्या. "हे बघ. ही ताटली इंजिनाची, सतत फिरणारी. ही चाकांची. दोन्ही एकमेकींना घट्ट दाबून धरल्या की दोन्ही बरोबर फिरतात. गिअर बदलायचा तर क्षणभर त्यांना वेगळं करावं लागतं. आपण क्लचचा पेडल दाबला की वेगळ्या. सोडला की पुन्हा जोडी."

"म्हणजे दाबलं की सुटतं आणि सोडलं की चिकटतं?"

"अगदी बरोबर."

"उलटंच आहे. आणि ती ताटली मटाराची आहे, ठेवा खाली."

हे सगळं मॅनेजरसाहेबांनी गॅलरीतून ऐकलं. ते बँकेतून निवृत्त झाले होते, आणि बँकेत त्यांचा सही न करता सल्ला देण्यात हातखंडा होता. दोन मिनिटांत ते खाली.

"मास्तर, हवा आहे," ते म्हणाले.

"आज? थोडी आहे, हो."

"पाइपात हो! पेडल दाबल्यावर पाइपातलं तेल पुढे सरकतं आणि ते तेल क्लचला ढकलतं. तेलात हवा शिरली की संपलं. तुम्ही तेलाला ढकलायचं, तेलाने हवेला दाबायचं, आणि हवेने नुसतं आक्रसून बसायचं. आमच्या शाखेत असाच एक उपव्यवस्थापक होता."

निदान पटण्यासारखं होतं. हवा काढायची म्हणजे दोघांचं काम. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचा. दुसऱ्याने खाली झोपून छोटी नळी सैल करायची. बुडबुडे निघाले की नळी बंद. मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर गेली त्याच्या दुप्पट हवा आत.

"म्हणजे एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने मुकाट ऐकायचं," मॅनेजरसाहेब म्हणाले आणि त्यांनी नवराबायकोंकडे आळीपाळीने पाहिलं. "बघा बुवा जमतंय का."

मास्तर जीपखाली सरकले. तेवढ्यात त्यांच्या डोक्यापाशी दोन चपला येऊन थांबल्या. चपला सोसायटीच्या सेक्रेटरींच्या होत्या.

"आवारात वाहनदुरुस्तीला मनाई आहे, मास्तर."

"मी दुरुस्ती कुठे करतोय?"

"मग खाली का झोपलाय?"

मास्तर खोटं बोलत नसत. त्यामुळे त्यांना जरा वेळ लागला. "निरीक्षण," ते म्हणाले.

"निरीक्षणाला पाना लागतो?"

"अहो, मुलं वाट बघताहेत. शनिवारी मला जायचंय."

"अर्ज करा. रविवारी कमिटी बसते."

"शनिवारच्या कामाची परवानगी रविवारी?"

"पुढच्या शनिवारी उपयोगी पडेल," सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले. ते वाईट नव्हते. नियमाच्या बाहेर पाऊल टाकायला फक्त घाबरत. जाता जाता स्वतःच पुटपुटले, "गाडी पुसायला परवानगी आहे. नियमात पुसण्याबद्दल काही नाही."

झालं! मास्तरांनी पान्याला फडकं बांधलं. मॅनेजरसाहेबांनी गळ्यात फडकं टाकलं. सेक्रेटरींच्या खिडकीचा पडदा हलला की तिघंही जिथे असतील तिथे पुसायला लागत. दुपारपर्यंत जीप कधी नव्हे इतकी लखलखली. हवा मात्र जिथल्या तिथे होती.

"दाब!" खालून मास्तर ओरडले.

"दाबला," वरून मास्तरीणबाई. त्यांची उंची बेताची, म्हणून पाठीमागे दोन उशा लावून त्या पेडलपर्यंत पोहोचल्या होत्या.

"पूर्ण दाब."

"पूर्णच आहे. याच्या पुढे जात नाही."

"धर! धरून ठेव! निघाला... निघाला बुडबुडा..."

त्याच क्षणी समोरच्या जिन्यावरून दातांच्या डॉक्टरीणबाई उतरल्या. मास्तरीणबाईंची आणि त्यांची बऱ्याच दिवसांत भेट नव्हती. समोरून कुणी आलं तर उठून चौकशी न करणं मास्तरीणबाईंना जन्मात जमलं नसतं. त्या अर्ध्या उठल्या, पाय पेडलवरून निघाला आणि खाली पाइपाने सुर्रकन पोटभर हवा घेतली.

"अगं, पाय!"

"अहो, त्यांनी विचारलं कशा आहात, मी काय पाय दाबून बसू?"

असं तीनदा झालं. चौथ्यांदा मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले, म्हणजे कुणी दिसायलाच नको, आणि तेव्हा कुठे हवा निघाली. मॅनेजरसाहेबांनी समारोपाचं काम स्वतःकडे घेतलं. "नळी घट्ट बसली पाहिजे," असं म्हणून त्यांनी पान्याला लांब पाइप जोडला आणि सगळं वजन टाकलं. कट् असा एक छोटासा आवाज झाला.

"हे काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"बसली," मॅनेजरसाहेब म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता.

गिअर टाकून पाहिला. कर्रर्र. पूर्वी होतं तस्संच. फरक एवढाच, की आता खाली तेलाचा एक एक थेंब पडत होता. मास्तरीणबाईंनी त्याखाली डब्याचं झाकण ठेवलं.

"हे गळतंय," मास्तर म्हणाले.

"गळतंय म्हणजे आत आहे," मॅनेजरसाहेबांनी धीर दिला. "गळायचं थांबलं की काळजी करा."

त्या संध्याकाळी मास्तर जेवायला बसले. मास्तरीणबाईंनी दोनदा वाढलं, ते त्यांना कळलंही नाही.

"फोन करून सांगा त्यांना," त्या हलकेच म्हणाल्या. "कवायतही चांगलीच असते मुलांना."

"चांगली असते," मास्तर म्हणाले. "पण तिथे दिवस-रात्र का होतात, ऋतू का होतात, हे एकाही पोराला धड माहीत नाही. मागे एकीने विचारलं, सर, सूर्य संध्याकाळी आमच्या डोंगरामागे कुठे राहतो? मी म्हटलं, शनिवारी सांगतो." त्यांनी ताट बाजूला सारलं. "मी सांगतो म्हटलंय."

मास्तरीणबाईंनी ते ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. "मी येते बरोबर," त्या म्हणाल्या. "पेडल दाबायला."

शनिवारी सकाळी दोघं निघाले. युक्ती साधी होती. इंजिन बंद असताना गिअर टाकायचा, क्लच दाबून इंजिन सुरू करायचं, आणि एकदा निघालं की शक्यतो गिअर बदलायचाच नाही. मागच्या सीटवर पृथ्वीचा गोल, बॅटरी आणि एक टेबलक्लॉथ होता. टेबलक्लॉथ पृथ्वीला झाकायला. फाटकातून बाहेर पडताना सेक्रेटरी हात करून म्हणाले, "छान पुसलीत हो!"

सपाट रस्त्यावर सगळं ठीक होतं. पायथा मागे पडला आणि चढ सुरू झाला. पहिल्या वळणावर समोर शेळ्यांचा कळप आडवा आला. मास्तरांनी ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबले. ब्रेक लागला. क्लचचा पेडल ओल्या साबणासारखा मऊपणे खाली गेला आणि वर आलाच नाही. जीपने एक गचका दिला आणि बंद पडली.

शेळ्या निघून गेल्या. मास्तरांनी खाली उतरून जीपखाली पाहिलं.

"गळायचं थांबलंय," ते म्हणाले.

"चला, बरं झालं!"

"अगं, तेल संपलंय!"

मास्तरांनी बॅटरी घेतली आणि पेडलपाशी डोकं घातलं. आधी नीट बघायचं. त्यांनी पेडल हाताने वर ओढून पुन्हा दाबला. पेडल टेकला तिथे लोखंडी पत्रा नव्हता, काहीतरी मऊ होतं. त्यांनी पायाखालचं रबरी मॅट उचललं. ते त्यांनीच घातलं होतं, पत्र्याला गंज लागू नये म्हणून. त्याखाली जाड पुठ्ठा, रबर घसरू नये म्हणून. त्याखाली घड्या घातलेला गालिचा. दिवाणखान्यातला. तोही दुहेरी.

"हा इथे कुठून आला?"

"मी घातला. मागच्या खेपेला केवढी धूळ आली आत! पाय गार पडतात तुमचे, तेही. म्हणून तुमच्या रबर-पुठ्ठ्याखाली सरकवला. पेडलला खाली एवढी जागा लागते हे मला काय माहीत?"

मास्तरांनी सगळे थर उपसले आणि पेडल पुन्हा दाबला. तो आणखी चार बोटं खाली गेला. ती चार बोटं गेले दोन शनिवार गालिच्यात अडकून पडली होती. पेडल पूर्ण जात नव्हता, म्हणून क्लच सुटत नव्हता, म्हणून गिअर ओरडत होता.

"म्हणजे बिघाड काहीच नव्हता?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"तेव्हा नव्हता," मास्तर म्हणाले. "आता आहे."

यावर पुन्हा कधीही बोलायचं नाही, असं दोघांचं तिथल्या तिथे, एक शब्द न बोलता ठरलं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, वर शाळेकडे पाहिलं. पायी गेले असते तर गुडघे आणि ते संध्याकाळपर्यंत कदाचित वेगवेगळे पोहोचले असते. मग त्यांची नजर आखूड दांड्यावर गेली.

"बस आत," ते म्हणाले. "क्लच नसला तरी जाता येतं. इंजिन बंद, आखूड दांडा मागे, गिअर पहिला. आता किल्ली फिरवली की इंजिनाच्या आधी स्टार्टरच गाडीला ढकलणार. चालता चालता इंजिन जागं होणार."

"आणि थांबायचं कसं?"

"किल्ली बंद करून. पण स्टार्टरने एवढी गाडी चढावर ओढली की गाडीची बॅटरी दमणार. एकदा ओढेल. पुन्हा ओढेलच असं नाही. म्हणून मध्ये थांबायचं नाही."

त्यांनी किल्ली फिरवली. जीप बेडकासारखी उडाली, मास्तरीणबाईंच्या मांडीवर पृथ्वी आली, इंजिन खोकलं, आणि मुंगीच्या वेगाने, हत्तीच्या ताकदीने जीप चढू लागली. वाटेत एक दूधवाला भेटला, एक म्हैस भेटली. मास्तरीणबाई अर्ध्या बाहेर झुकून ओरडत होत्या, "बाजूला व्हा, आम्हाला थांबता येत नाही!" दूधवाला लगेच झाला. म्हैस विचार करून झाली.

शेवटी शाळेचं मैदान दिसलं. उशीर झाला होता. मुलं रांगेत उभी होती, मधोमध मुख्याध्यापिकाबाई, तोंडात शिट्टी. "साऽवधान!"

कवायत सुरू झाली होती.

मास्तरांनी जीप सरळ मैदानात घातली. मुलांच्या माना एक साथ वळल्या. कवायतीतली ती त्यांची सगळ्यात चांगली हालचाल असावी. रांगांपासून भरपूर अंतर राखत जीप कडेकडेने फिरू लागली.

"सर! आलात!" मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडातून शिट्टी गळाली. "थांबा ना!"

"थांबता येत नाही, बाई! थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही!"

"मग तास?"

मास्तरांनी एक फेरी विचार केला. मैदानाच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं, आपल्या स्टिअरिंगकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तास सुरू झालाय! बाई, तुम्ही जागच्या हलू नका. तुम्ही सूर्य! मुलांनो, सगळे बाईंच्या जवळ बसा. कुणीही उठायचं नाही. मी पृथ्वी!"

मुलं टाळ्या पिटत बसली. इंजिनाच्या वर आवाज चढवत मास्तरांनी शिकवायला घेतलं. मास्तरीणबाईंनी मांडीवरचा गोल उंच धरला आणि त्या तो हळूहळू गरगर फिरवू लागल्या, कारण पृथ्वी स्वतःभोवतीही फिरते. ज्या बाजूला बाई दिसतात तिथे दिवस, दुसऱ्या बाजूला रात्र. सूर्य डोंगरामागे कुठेही राहायला जात नाही, आपणच तोंड फिरवतो. हे ऐकून पुढे बसलेली एक मुलगी इतकी खूश झाली की तिने शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला.

"सर, चंद्र कोण?" एकाने विचारलं आणि दहा-बारा जण चंद्र व्हायला उठले.

"खाली बसा! आज अमावस्या आहे!"

"सर, एक फेरी म्हणजे किती?"

"एक वर्ष!"

मग पोरं वर्षं मोजू लागली. कुणी सातवीत गेलं, कुणाला नोकरी लागली, एकाने आपण आजोबा झाल्याचं जाहीर केलं. सूर्याला ऊन लागत होतं, पण तो हसत होता.

"अहो, पुरे आता," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझे हात दुखले. आणि इतकी वर्षं एका गाडीत बसून मी म्हातारी व्हायला लागले." त्यांनी हात लांबवून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. जीप एक उसासा टाकून थांबली. मैदानावर एकदम शांतता झाली.

मुख्याध्यापिकाबाई जवळ आल्या. "सर, शनिवार तुमचाच," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी सूर्यासाठी छत्री आणा."

मास्तर चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात ती धपाटा घालणारी मुलगी जीपला खेटून उभी राहिली.

"सर, पृथ्वीला क्लच असतो?"

"नाही."

"गिअर?"

"एकच. पुढे जायचा."

"तिला थांबता येतं?"

"नाही बाळ. ती थांबतच नाही."

मुलीने विचार केला. "मग ती पहिल्यांदा सुरू कशी झाली?"

मास्तरांना आयुष्यभरात इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. "हे मला वाचून यावं लागेल," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी सांगतो."

"त्यात वाचायचं काय आहे?" मास्तरीणबाई जीपमधून उतरता उतरता म्हणाल्या. त्यांनी गोल मुलीच्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि जीपच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "ढकलली असेल सगळ्यांनी मिळून. या गं पोरींनो, ही आधी सावलीत घेऊ."